कासारणीच्या चुकवलेल्या मापाची कहाणी

ऐक काकणमाये, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, चुलीवर काय ठेवून आलात ते घटकाभर विसरा, आणि तुम्हीही ऐका.

आटपाटच म्हणा, एक नगर होतं. नगराच्या कडेनं ओढा होता, ओढ्याकाठी जांभळीचं झाड होतं, झाडाखाली काकणमायेचं ठाणं होतं. त्या नगरात एक कासार राहत होता. त्याचं नाव रायाजी. त्याच्या बायकोचं नाव भिवरा. सकाळी उठावं, बांगड्यांच्या माळा खांद्यावर घ्याव्या, आळोआळी फिरावं, लेकीसुनांचे हात भरावे, दिवस कलता घरी यावं. लेकी सासरी नांदत होत्या. घरात दोघंच होती आणि गोडीनं होती.

त्यांच्या कामाची रीत काय होती? रायाजीनं बाईचा हात हातात घ्यावा, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहावं आणि माप बोलावं. सव्वादोन म्हणावं, नाहीतर अडीच म्हणावं. शेजारी भिवरानं बसावं, त्या मापाची बांगडी माळेतून काढावी, त्याच्या हातावर ठेवावी. त्यानं ती न बघता घ्यावी आणि चढवावी. वीस वर्षं अशी गेली. त्यानं तिचं माप कधी तपासलं नाही, तिनं ते कधी चुकवलं नाही.

आणि कासाराला हातापेक्षा तोंड जास्त लागतं. बोलता बोलता बाईचा हात सैल पडतो, सैल हातात बांगडी सरकते. म्हणून रायाजी अखंड बोलायचा. म्हातारीला म्हणायचा, "आजी, हा हात आहे की औताचं जू?" नव्या नवरीला म्हणायचा, "सासूकडं बघू नकोस, माझ्याकडंही बघू नकोस, ती पलीकडची म्हैस बघ किती देखणी आहे." बाया हसायच्या, हात सैल व्हायचे, बांगड्या सुळकन आत जायच्या. सगळ्या त्याला कासारदादा म्हणायच्या. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा, तो त्या एका नात्याच्या भरवशावर.

मग काय झालं? संक्रांत आली. दोघं गुरवआळीत गेली. तिथं गुरवाची सून होती, तिचं नाव अनसा. तिचा नवरा दूरच्या संस्थानात नगारखान्यात सनई वाजवायला गेला होता, आणि घरी ती आणि सासू. अनसा पुढं आली. हात दिला. "कासारदादा, भरा," म्हणाली. रायाजीनं हात धरला, माप बोलला, आणि गप्प झाला. एक बांगडी गेली, दोन गेल्या, डझनभर गेल्या. आजीचं जू नाही, पलीकडची म्हैस नाही, काही नाही. भिवरा बांगड्या देत त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला वाटलं, दमला असेल. असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ऐकूनही घेतलं.

मग चैत्र आला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. दोघं पुन्हा गुरवआळीत गेली. अनसा पुढं आली. रायाजी माप बोलला, भिवरानं बांगडी दिली. त्यानं ती परत केली. दुसरी दिली, तीही परत केली. तिसरी दिली, ती त्यानं उन्हात धरली, काचेत बुडबुडा आहे का ते पाहिलं, आणि बाजूला ठेवली. मग स्वतः उठला, माळा धुंडाळल्या, पोपटाच्या पंखासारखा हिरवा रंग निवडून आणला. भिवरानं आपल्या हाताकडं पाहिलं. तिच्या हातात विटलेल्या चार बांगड्या होत्या, त्यातल्या दोन दिवाळीच्या आधीच्या. कासाराच्या बायकोच्या! तिनं पदर ओढून हात झाकला.

मग ज्येष्ठ आला. वडाची पूजा आली. दोघं गुरवआळीच्या तोंडाशी आली. रायाजी थांबला, खांद्यावरच्या माळा त्यानं उतरवल्या. म्हणाला, "गुरवआळी आज नको. तू एकटी जा, नाहीतर राहू दे." आणि मागं फिरला. पाय उचलून भराभर गेला.

पहिल्या दोन गोष्टी भिवरानं पोटात घातल्या होत्या. तिसरी पोटात राहीना. चोर असल्याशिवाय कोण असं वाट टाळून पळतं, असं तिच्या मनानं घेतलं. नजर तिची खोटी नव्हती, बायांनो. जे पाहिलं ते तिनं बरोबर पाहिलं. पण पाहून करायचं काय, ते तिला उमगलं नाही.

विचारायचं होतं. एकदा जेवताना शब्द ओठापर्यंत आला, तो तिनं घासाबरोबर गिळला. एकदा पाणी भरताना आला, तो घोटाबरोबर गिळला. एकदा तो माळा ओवत बसला असताना आला, तेव्हा तिला खोकल्याची उबळ आली आणि शब्द गेला. का विचारलं नाही? लाज वाटली. ज्या बाईच्या नवऱ्याचं मन दुसरीकडं गेलं, ती बाई आपण, हे आपल्याच तोंडानं कसं म्हणायचं? शेजारणीला सांगायची लाज, लेकींना कळवायची लाज, नवऱ्याला विचारायची तर सगळ्यांत मोठी लाज. ती लाज तिनं दीड महिना भाकरीसारखी भाजली. जितकी उलटली तितकी करपली.

मग श्रावण आला. श्रावणातला पहिला शुक्रवार आला. त्या नगराची चाल अशी, की त्या दिवशी साऱ्या सवाष्णींनी काकणमायेच्या ठाण्यापाशी जमावं, देवीसमोर हात भरून घ्यावे. कासारानं नाही म्हणू नये. रायाजी गेला. भिवरा गेली. जांभळीखाली बायांची ओळ बसली. तेवढ्यात सासूबरोबर अनसा आली. तिचं तोंड फुललं होतं. दसऱ्याला येतो, असा नवऱ्याचा निरोप आला होता. बसली आणि म्हणाली, "कासारदादा, आज कोपरापर्यंत भरा."

ते फुललेलं तोंड भिवरानं पाहिलं. निरोपाचं तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, हिला हे हसू माझ्याच नवऱ्याला बघून आलं. तिच्या कानामागून आग गेली.

रायाजीनं अनसाचा हात धरला आणि तोंड देवीकडं फिरवलं. अनसाकडं बघितलं नाही, माळेकडं बघितलं नाही. देवीकडं बघतच बोलला, "अडीच."

भिवराचा हात माळांकडं गेला. अडीचाची माळ कुठं, सव्वादोनाची कुठं, हे तिच्या बोटांना डोळे मिटून ठाऊक होतं. हात सव्वादोनाच्या माळेला गेला. चुकून गेला असं म्हणू नका. जाणून गेला. दुखू दे जरा, एवढंच तिच्या मनात होतं, असं ती पुढं म्हणायची. पण एवढंसुद्धा मनात कसं होतं, ते तिला कधी सांगता आलं नाही.

तिनं बांगडी दिली. त्यानं न बघता घेतली. बांगडी बोटांवरून गेली, हाडापाशी अडली. "आई गं," अनसा म्हणाली. "हात सैल सोड, बाई," रायाजी म्हणाला, आणि दाबली. कट्‌कन आवाज झाला. बांगडीचे तीन तुकडे झाले, एक तुकडा मनगटात शिरला. अनसाच्या हातावरून रक्ताची धार लागली आणि तिच्या नव्या लुगड्यावर पडली.

सवाष्णीचं काकण फुटलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. मग अनसाच्या सासूनं कपाळावर हात मारला. "सवाष्णीचं काकण देवीसमोर वाढलं! माझा लेक परमुलखात, आणि हिचं काकण वाढलं! हा काय घोर घातलास गं माये माझ्या जिवाला!"

रायाजीनं तुकडा उचलला. त्याच्या वाकावरून अंगठा फिरवला. मग त्यानं मान वळवून भिवराकडं पाहिलं. तिला कळलं, की त्याला कळलं.

"माप बरोबर होतं," रायाजी मोठ्यानं म्हणाला. "माझा हात चुकला."

बोलायची वेळ तीच होती. भिवरा बोलली नाही.

मग काय झालं? नगरात बोभाटा झाला. देवीच्या ठाण्यापाशी ज्याचा हात चुकतो त्याच्या हाती हात कोण देणार? दुसऱ्या दिवशीपासून रायाजीला कोणी हाक मारीना. शेजारच्या गावचा कासार येऊन हात भरून जाऊ लागला. रायाजी ओसरीवर बसून राही. माळा खुंटीला टांगलेल्या. आणि तिकडं अनसाच्या सासूनं अनसाला गोठ्यात घातलं. लेक धडधाकट परत येईतो हिनं देवघरात यायचं नाही, ओटी घ्यायची नाही, त्या हातात काकण घालायचं नाही. एका हाताला चिंधी, दुसऱ्या हातात जुनी दोन काकणं, आणि दिवसभर शेणात हात.

भिवराच्या कानावर हे पाणवठ्यावर आलं. बाया म्हणत होत्या, "पोरीचं नशीबच फुटकं." बोलायची वेळ होती. भिवरानं घागर उचलली आणि घरी आली.

मग हे तिच्या कानावर देवळात आलं. बाया म्हणत होत्या, "कासाराच्या हाताला काही तरी लागलं असेल, पाप म्हणा, नजर म्हणा." बोलायची वेळ होती. भिवरानं घंटा वाजवली आणि घरी आली.

मग एके सकाळी अनसाची सासू दारातच येऊन उभी राहिली. रायाजीला नाही नाही ते बोलली. "हात झडो तुझा," म्हणाली. रायाजी हात जोडून उभा राहिला. "आई, चुकलं," एवढंच म्हणत राहिला. भिवरा दाराच्या आड होती. हातात पीठ होतं. पुन्हा बोलायची वेळ होती, आणि बोलायला चार पावलं पुढं यायचं होतं. ती चार पावलं तिला टाकता आली नाहीत. पीठ हातावर वाळून गेलं.

रायाजी तिला काही बोलला नाही. रागावला नाही, ताट सारलं नाही, पाठ फिरवली नाही. वाढलेलं जेवायचा. रागावला असता तर तिला निदान रडता आलं असतं. आधी तिला नवऱ्याची लाज वाटत होती. आता तिला आपली वाटू लागली, आणि ही लाज पदरानं झाकेना.

मग दुसरा शुक्रवार आला. दुपारची वेळ होती. रायाजी ओढ्यावर गेला होता. दारात एक म्हातारी आली. केस पांढरे, लुगडं जुनं, दोन्ही हात ओके, काकण एकही नाही. "कासारणी, कासारणी, माझे हात भर."

"आजी, धनी घरी नाहीत."

"नसेनात. तुला हात नाहीत का?"

भिवरानं तिला पाट दिला. हात दाबून पाहिला. सव्वादोनाची बांगडी काढली, चढवली. कट्‌कन फुटली. म्हातारीच्या हाताला ओरखडा नाही, रक्त आलं ते भिवराच्या बोटाला.

"माप कुणी दिलं गं?" म्हातारीनं पुसलं.

"मापाचं काय आजी, काचच कच्ची आली आहे."

दुसरी बांगडी घेतली. चढवली. फुटली. भिवराचं दुसरं बोट कापलं.

"माप कुणी दिलं गं?"

"माळा धन्यांनी ओवल्या आहेत. त्यांचाच हात हल्ली चुकतो."

तिसरी बांगडी घेतली. चढवली. फुटली. तिसरं बोट कापलं.

"माप कुणी दिलं गं?"

आता काच झाली, नवरा झाला, उरलं कोण? भिवरा म्हणाली, "त्या गुरवाच्या सुनेनं त्या दिवशी हात ताठ धरला, तेव्हापासून आमच्या घरात असंच चाललंय."

बघा, बायांनो. जिला गोठ्यात घातलं तिच्यावरच पुन्हा ढकललं. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "बरं तर. ओके हात घेऊन आले, ओके घेऊन जाते," म्हणाली आणि उंबऱ्याकडं वळली.

भिवरानं ते ओके हात पाहिले, आणि तिच्या डोळ्यासमोर दुसरा एक ओका हात आला, चिंधी बांधलेला, शेणानं भरलेला. मग तिचा ऊर फुटला. तिनं धावत जाऊन म्हातारीचे पाय धरले. "मी दिलं, आजी! माप मी चुकवलं. जाणून चुकवलं. काच चांगली होती, नवऱ्याचा हात चांगला होता, त्या पोरीचा हात सैल होता. वाईट मी होते."

"ऊठ," म्हातारी म्हणाली. "आता भर."

भिवरानं रक्ताळल्या बोटांनी चौथी बांगडी घेतली. ती सुळकन आत गेली. मग पाचवी गेली, सहावी गेली. भरता भरता म्हातारीचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले, आणि घरात जांभळाचा वास सुटला. मग भिवरानं ओळखलं. जमिनीवर डोकं ठेवलं.

"माये, मी काय करू?"

"माझा वसा घे."

"तुझा वसा तो काय?"

"श्रावणातल्या शुक्रवारी लवकर उठावं, न्हावं, मला हळदीकुंकू वाहावं. एका सवाष्णीचे हात बरोबर मापानं भरावे. मनात कोणाविषयी सलत असेल, तर पाण्याचा थेंब तोंडात घेण्याआधी ते त्यालाच विचारावं. शेजारणीला विचारू नये, आपल्या मनाला विचारू नये, मन वाटेल ते सांगतं. आणि ज्याचं वाईट केलं असेल, त्याच्यासमोर जाऊन आपलं तेवढं सांगावं, दुसऱ्याचं झाकावं. घेशील वसा?"

"घेईन."

"लाज वाटली म्हणून टाकशील?"

भिवरा मग म्हणाली, "लाज वाटेल. पण टाकणार नाही."

म्हातारी उंबरा ओलांडून गेली, ती पुढं दिसली नाही.

रायाजी ओढ्यावरून आला. भिवरानं सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. तांब्या बाजूला सारून ती त्याच्यासमोर बसली. "अहो, एक विचारू?"

"विचार."

"अनसाकडं तुमचं मन गेलं होतं का?"

रायाजीनं मान खाली घातली. मग म्हणाला, "गेलं होतं."

जे उत्तर तिनं मनात शंभरदा ऐकलं होतं, ते आज कानांनी ऐकलं.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. हात हातात घेतला आणि मला बोलायलाच सुचेना. तिला काही ठाऊक नाही. ती मला दादा म्हणते, आणि मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. चैत्रात मन आवरलं नाही. ज्येष्ठात आवरलं, म्हणून आळीच्या तोंडावरून परत फिरलो. देवीपाशी टाळता येईना, म्हणून तोंड फिरवून बसलो. तोंड फिरवलं नसतं तर तुझी बांगडी चढवताना लहान आहे ते मला दिसलं असतं."

म्हणजे ज्या पाठमोऱ्या पावलांनी तिची खात्री पटवली, ती पावलं तिच्याच घराकडं येत होती.

"मग मला का नाही सांगितलं?"

"लाज वाटली. तू का नाही विचारलंस?"

"मलाही लाज वाटली."

दोघं आपापली लाज राखत बसली, आणि हात कापला तिसरीचा.

"आणि माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत," भिवरा म्हणाली.

"तुझ्यासाठी घेतली असं समजू नकोस. माप चुकलं म्हटलं असतं, तर का चुकलं ते निघालं असतं. माझं उघडं पडलं असतं. मी मला झाकलं, आणि ती पोर गोठ्यात गेली."

"अजून जातं का मन?"

"जातं अधूनमधून. तू उपाशी बसून विचारते आहेस, खोटं कसं सांगू?"

भिवरा रडली. मग चिडली. वीस वर्षांचं सगळं बोलली, विटलेल्या बांगड्यांपर्यंत सगळं बोलली. रायाजीनं समजूत घातली नाही, पण उठूनही गेला नाही. ऊन उंबऱ्यावरून अंगणात उतरलं. मग तिनं तांब्या ओढला, पाणी प्याली, आणि उरलेलं त्याला दिलं.

मग तिसरा शुक्रवार आला. जांभळीखाली बाया जमल्या. शेजारच्या गावचा कासार मांडी घालून बसला होता. अनसाही आली होती, ओळीत नाही, लांब ओढ्याच्या कडेला, सासूचा लोटा सांभाळत. भिवरा ओळीसमोर उभी राहिली. म्हणाली, "बायांनो, त्या दिवशी माझ्या धन्यांचा हात चुकला नव्हता. त्यांनी अडीच म्हटलं, मी सव्वादोनाची दिली. चुकून नाही. जाणून दिली. अनसाच्या नशिबाचा, कुंकवाचा, कशाचाही यात संबंध नाही. काकण वाढलं ते माझ्या खोट्या मापानं."

मग एकीनं विचारलं, "पण का गं? पोरीनं तुझं काय केलं होतं?" सगळ्या माना पुढं आल्या. अशा वेळी माना पुढं येतातच, तुमच्याही आता आल्या आहेत.

मागं रायाजी उभा होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं. भिवरानं त्याच्याकडं पाहिलं नाही. म्हणाली, "तिनं काही केलं नव्हतं. माझ्या मनात काळं आलं. ते माझं होतं."

एकही शब्द जास्त बोलली नाही. दुसऱ्याचं तिनं झाकलं.

मग बायांनी काय करायचं ते केलं. कोणी थू म्हटलं. कोणी पदर सावरून लांब सरकली. अनसाची सासू उठली, ती भिवराला बोल बोल बोलली, आणि बोलता बोलता तिलाच गोठा आठवला. ती मध्येच थांबली. गेली, सुनेचा हात धरून तिला ओळीत आणून बसवलं. पण तिच्या डोळ्याला डोळा देईना. तिलाही आता लाज वाटली.

भिवरा अनसापुढं बसली. "दे हात. मी भरते."

अनसानं हात पदराखाली घेतला. "नको," म्हणाली.

मग सोमवारी भिवरा तिच्या दारी गेली. अनसानं पाट दिला, पाणी दिलं, हात दिला नाही. "मी काय केलं होतं हो तुमचं?" एवढंच विचारलं, आणि रडली. मग बुधवारी गेली. अनसा म्हणाली, "काकू, जखम भरत आली. पण काच वाजली की मला दचकायला होतं. तुम्ही जा." भिवरा गेली. वसा टाकावासा वाटला. देवीला दिलेला शब्द आठवला, टाकला नाही.

मग चौथा शुक्रवार आला. भिवरा एकटीच बांगड्या घेऊन जांभळीखाली बसली. कोणी पुढं येईना. दुपार होत आली. मग अनसा उठली, आली, समोर बसली.

"भरा," म्हणाली. "पण आधी माप मोठ्यानं सांगा."

भिवरानं तो हात धरला. मनगटावर लाल रेघ होती. हाड दाबून पाहिलं आणि पुटपुटली, "अडीच."

"मला ऐकू नाही आलं."

"अडीच."

"यांना ऐकू नाही आलं."

भिवरानं बायांकडं पाहिलं. मग छाती भरून ओरडून म्हणाली, "अडीच!" माळेतून बांगडी काढली, उंच धरली, सगळ्यांना दाखवली, मग चढवली. सुळकन गेली. अनसानं डोळे मिटले होते ते उघडले. हसली नाही. "झालं गेलं" म्हणाली नाही. एक हात भरून झाला, तो फिरवून पाहिला. मग तिनं दुसरा हात पुढं केला.

तेव्हापासून त्या नगरात चाल पडली. कासार असो की कासारीण, माप मोठ्यानं बोलावं, बांगडी उंच धरून दाखवावी, मग हाताला लावावी. दसऱ्याला अनसाचा नवरा वाजतगाजत आला. रायाजीला पुन्हा हाका येऊ लागल्या, पण गुरवआळीत भरायला भिवराच जाई. रायाजीचं मन घरी कधी आलं? एका दिवसात आलं नाही. जसं आलं तसं तो तिला सांगत गेला, ती विचारत गेली. भिवराची लाज गेली का? सगळी नाही गेली. अनसाचा हात हातात आला की ती रेघ दिसायची आणि मान खाली जायची. पण हात तिच्या हातात येत होता.

काकणमाये, तू भिवराला वेळेवर विचारायचं आणि चुकल्यावर कबूल व्हायचं बळ दिलंस, तसं आम्हां साऱ्याजणींना दे. फक्त आम्हांला दे ते कोणाचा हात कापायच्या आधी दे. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, सांगणारीला फळली, ऐकणारीला फळो, इथं ती संपूर्ण झाली.